पाहून आलेल्या खरात बाई

आमच्या परतूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात टी.सी. मिळायला फार वेळ लागायचा. कागद तयार असायचा, त्याच्यावर सही-शिक्का झालेला असायचा, पण खिडकीच्या आत बसलेल्या खरात बाई तो हातात ठेवायच्या आधी विचारायच्या, "कुठं चाललास?"

"इंजिनिअरिंगला."

"ते कळलं. गाव सांग."

पोरगा गावाचं नाव सांगायचा, कॉलेजचं सांगायचा. मग बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "पाहून आलास का?"

बहुतेकांनी पाहिलेलं नसायचं. प्रवेशाच्या फेरीत नंबर लागला, मोबाईलवर मेसेज आला, एवढंच त्यांना ठाऊक असायचं. एकदा एका मुलानं हुशारी करून कॉलेजचा व्हिडिओच बाईंच्या समोर धरला. ड्रोननं काढलेला. हिरवळ, कारंजं, पांढऱ्याशुभ्र इमारती, मागे संगीत. बाईंनी तो मन लावून दोनदा पाहिला आणि मोबाईल परत देताना म्हणाल्या, "हे सगळं वरून दाखवून राह्यले. तुला खालून चालायचंय. खालून कसं दिसतं ते?"

मागे रांग वाढत जायची. कुणी कुरकुर केली की बाई मान तिरकी करून त्यालाही विचारायच्या, "अन तू कुठं चाललास?" मग रांग गप्प व्हायची.

सुलोचना खरात हे त्यांचं पूर्ण नाव. हुद्दा लिपिकाचा, शिक्षण बारावी. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा त्यांना पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी असतील. ठेंगण्या, सावळ्या, चालताना एका गुडघ्यावर किंचित कमी भार देणाऱ्या. खांद्याला निळी नायलॉनची पिशवी, तिच्यात स्टीलची पाण्याची बाटली, भाकरीचा डबा आणि शंभर पानी वही. मी रुजू व्हायला गेलो त्या दिवशी माझी कागदपत्रं तपासताना त्यांना पदवीवर पुण्याच्या कॉलेजचं नाव दिसलं. माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी बाजूला सारली.

"सर, पुण्याला हॉस्टेलला होतात?"

"हो."

"खोलीत किती जण?"

"तिघं."

"खिडकी कुणीकडं होती?"

मला आठवून सांगावं लागलं. मग मेसमध्ये उशीर झाला तर काय उरायचं, आजारी पडलं तर डॉक्टर किती लांब, ग्रंथालयात बसायला जागा मिळायची का, एकामागून एक प्रश्न. मी उत्तरं देत होतो आणि त्या वहीत उतरवून घेत होत्या. मग त्यांनी एकदम विचारलं, "आपल्या बोलण्यावर हसायचे का तिथं?"

"हसायचे."

"मंग तुम्ही काय करायचे?"

"गप्प बसायचो."

"किती दिवस?"

"पहिलं वर्षभर."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: 'पुणे. बोलण्यावर हसतात. एक वर्ष.' मग माझी प्रमाणपत्रं पुन्हा पुढे ओढून तपासायला लागल्या. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी शिकून परत आल्याला कित्येक वर्षं झाली, पण यातलं एकही मला घरच्या माणसांनी कधी विचारलं नव्हतं. निकाल तेवढा सगळ्यांनी विचारला होता.

बाईंच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात अशा तीस-पस्तीस वह्या होत्या. एकेका शहराची एकेक वही. त्यांतलं थोडंसं माझ्यासारख्यांना विचारून लिहिलेलं, बाकीचं सगळं स्वतः पाहून. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं देवाला जातात, लग्नाला जातात; बाई कॉलेजं पाहायला जायच्या. एकट्या. परतूरहून रेल्वे धरायची, नाहीतर एसटी, सकाळी उतरायचं आणि गेटसमोर जाऊन उभं राहायचं. कुणी त्यांना पाठवलेलं नसायचं. प्राचार्य एकदा म्हणालेही, "बाई, तुमचं काम दाखले देण्याचं." बाई म्हणाल्या, "दाखलेच देऊन राह्यले सर. कशाचे देते ते पाहून येते." प्राचार्य भले होते, पुढे काही बोलले नाहीत.

कॉलेजांची छापील नावं त्या सहसा घेत नसत. त्यांची स्वतःची नावं होती. एका कॉलेजच्या दारात मोठा लिंब होता म्हणून ते लिंबाचं कॉलेज. एक टेकडीवर होतं, ते पायऱ्यांचं. एका ठिकाणी दर तासाला शेजारच्या मालधक्क्यावर गाडी लागायची आणि शिकवणाऱ्याला थांबावं लागायचं, ते थांबायचं कॉलेज. ही नावं मुलांच्याही तोंडी बसली होती. एखादी मुलगी धावत येऊन सांगायची, "बाई, मला पायऱ्यांचं लागलं." बाई विचारायच्या, "दम्याचा त्रास न्हाई ना तुला?"

त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. एकदा कार्यालयातला पंखा दुरुस्त करायला एक तरुण वायरमन आला होता. शिडीवर चढलेला, हातात पंख्याची पाती. बाईंनी खालून विचारलं, तो कुठल्या आयटीआयला होता. तिथे मोटर गुंडाळायला प्रत्येकाला मिळायची की एकजण गुंडाळायचा आणि बाकीचे पाहायचे? तो म्हणाला, "एकच मोटर होती मॅडम, तीबी जळालेली." बाईंनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं, चहा पाजला आणि तासभर विचारत राहिल्या. त्या दुपारी आम्ही सगळे घामाघूम झालो, पण पुढच्या वर्षी ज्या पोरांना आयटीआयला जायचं होतं त्यांना बाईंनी दुसऱ्या तालुक्याचं नाव पहिल्या पसंतीला लिहायला लावलं. तिथे मोटरी सहा होत्या. त्या त्यांनी स्वतः जाऊन पाहिल्या होत्या.

एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. मला परभणीला माझं काम होतं आणि त्यांना तिथलं एक कॉलेज पाहायचं होतं. माझं काम लवकर आटोपलं, म्हणून म्हटलं, पाहू तरी या काय करतात. त्या आधी गेटवरच्या पहारेकऱ्याजवळ गेल्या. मला वाटलं काहीतरी बहाणा सांगतील, भाचीचा प्रवेश वगैरे. त्यांनी सरळ सांगितलं, "मी परतूरच्या कॉलेजातली क्लार्क आहे. आमच्या पोरी इथं यायच्यात पुढच्या साली. कसं आहे ते पाहून राह्यले." पहारेकरी गोंधळला. असं सांगून आत यायची परवानगी आजवर कुणी मागितली नसावी. त्यानं खुर्ची दिली. बाई बसल्या आणि त्यालाच विचारायला लागल्या: सगळ्यात शेवटी कोण जातं, रविवारी पोरी कुठे जातात, रडत कोण येतं का कधी फाटकापाशी.

"येतात की," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यात येतात. आईबाप गेले की इथंच येऊन बसतात, या दगडावर."

"मंग तुम्ही काय करता?"

"काय करायचं? गाव विचारतो. माझ्याकडचं कुणी असलं तर बरं वाटतं त्यांना."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्याचं नावही लिहून घेतलं. मग त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाचे नळ उघडून पाहिले, समोरच्या झेरॉक्सवाल्याला परीक्षेच्या काळात गर्दी कधी असते ते विचारलं, आणि हॉस्टेलच्या स्वैपाकघरात जाऊन तिथल्या बाईच्या हातची अर्धी पोळी खाल्ली. प्राचार्यांच्या दालनावरून आम्ही दोनदा गेलो. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ते छापलेलंच सांगतात. ते मला टपालानं येतं."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. बाईंनी डबा उघडला, मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

त्यांनी स्वतःची भाकरी मोडली. मग सांगायला लागल्या. त्यांचं माहेर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाई. वडील रोजंदारीवर जायचे. भास्कर नावाचा धाकटा भाऊ होता, वर्गात पहिला येणारा. दहावीनंतर त्याचा तंत्रनिकेतनाला नंबर लागला. गावातल्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं, वडिलांनी पत्र्याची पेटी घेऊन दिली आणि तो गेला. दहाव्या दिवशी परत आला. पेटी कोपऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर कामाला गेला. कुणी काही बोललं नाही. घरचे धरून चालले की त्याला शिक्षण झेपलं नाही.

"मीबी तेच धरलं," बाई म्हणाल्या. "मी मोठी बहीण, पण मीबी न्हाई इचारलं. दहा वर्षांनी इचारलं, महं लग्न होऊन लेकरं झाल्यावर. तव्हा त्यानं सांगितलं. कॉलेजचा फॉर्म एका खिडकीवर द्यायचा होता, अन हॉस्टेलचा त्याच दिवशी दुसऱ्या खिडकीवर. त्याला एकच खिडकी ठाऊक. दुसरीवर गेला तव्हा यादी लागली होती. नऊ दिवस बसस्टँडवर झोपला सर. सकाळी तिथल्या नळावर आंघोळ करून वर्गात जायचा. नवव्या दिवशी पेटीतली पुस्तकं कुणीतरी नेली. मंग आला."

"आता काय करतात?"

"जिनिंगमधे असतो. कापसाच्या गठाणी उचलतो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्याला गणितात किती मार्क होते ते मला आजबी सांगता येतं. पण तो नऊ दिवस कुठं झोपला ते मला दहा वर्षं माहीत नव्हतं."



बाई सगळं पाहून येतात, म्हणून त्यांचं कधी चुकत नाही, असं परतूरमध्ये लोक धरून चालले होते. मीही धरून चाललो होतो. ते चुकलं शिवकन्येच्या वेळी.

शिवकन्या गाडेकर ही वडीगोद्रीची. मावशी परतूरला होती म्हणून अकरावी-बारावीला आमच्याकडे आलेली. रसायनशास्त्रात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी बाहेर पडायची आणि जाता जाता विचारायची, "सर, हे असंच का होतं?" बाईंची ती फार लाडकी होती, कारण विचारण्याच्या बाबतीत दोघी एकाच जातीच्या. तिनं अन्नतंत्रज्ञानाला जायचं ठरवलं. विदर्भातल्या एका कॉलेजात नंबर लागेल असे तिचे गुण होते. पसंतीक्रमाचा फॉर्म भरायच्या दिवशी तिचे वडील विष्णू गाडेकर आले. वडीगोद्रीला हमरस्त्याला लागून त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. अंगात धुवट पांढरा सदरा, बोटांना हळदीचा पिवळेपणा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, अन्नाचं कॉलेज म्हंजे सैंपाकच ना? भजे तळायला शिकायला चार वर्षं कामून लागतेत?"

आम्ही दोन-तीन प्राध्यापक तिथे होतो, आम्हाला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"भाऊ, तुमचे सकाळचे भजे दुपारी नरम कामून पडतात?"

"हवेनं."

"हवेनं म्हंजे कशानं?"

विष्णूभाऊंनी विचार केला. वीस वर्षं ते भजी तळत होते. "ते न्हाई सांगता येणार."

"तेच शिकायला चालली ती," बाई म्हणाल्या.

ते खुर्चीत जरा मागे टेकले. मग म्हणाले, "लांब हे फार. तुम्ही पाह्यलंय का ते कॉलेज?"

"पाह्यलंय."

"मंग पाठवतो."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. ते कॉलेज त्यांनी पाहिलं होतं; मुलींचं हॉस्टेल गेटच्या आतच, चिंचेच्या झाडाशेजारी. पण ते तीन वर्षांपूर्वी. शिवकन्येच्या वर्षी उन्हाळ्यात बाईंचा गुडघा इतका धरला होता की त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून त्यांनी कधी नव्हे ते फोनवर चौकशी केली. तिकडच्या माणसानं सांगितलं, हॉस्टेल आहे.

शिवकन्या गेली आणि दुसऱ्या आठवड्यात परत आली. तिच्या मावशीनं कार्यालयात येऊन सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. चिंचेजवळचं हॉस्टेल दुरुस्तीसाठी बंद झालं होतं आणि मुलींना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत हलवलं होतं. प्रात्यक्षिकं संपेपर्यंत तिकडची बस निघून जायची. चार-पाच मुली मिळून चालत जायच्या. दोन संध्याकाळी मोटारसायकलवरची पोरं मागे लागली, एकानं ओढणी ओढली. शिवकन्येनं वडिलांना फोन केला आणि ते जाऊन तिला घेऊन आले.

बाईंनी ऐकून घेतलं. मग कप्प्यातून त्या शहराची वही काढली, पान उघडलं, आणि पाहत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी 'आहे का' इचारलं. 'कुठं आहे' न्हाई इचारलं." त्यांनी खिडकी लावून घेतली. बाहेर दोघं-तिघं दाखल्यासाठी उभे होते, त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. असं त्यांनी आधी कधी केलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "सर, वडीगोद्रीला येता का? मला एकटीला जायचं भ्या वाटून राह्यलंय." राज्यभर एकटी फिरणारी बाई हे म्हणाली. मी रजा टाकली. एसटी बदलत आम्ही दुपारच्या सुमारास पोचलो.

हॉटेलात दोन ट्रकवाले जेवत होते. विष्णूभाऊंनी आम्हाला पाहिलं, पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले आणि पुन्हा कढईपाशी गेले. मागच्या बाजूला शिवकन्या कांदे चिरत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहून मान खाली घातली. ट्रकवाले गेल्यावर बाई उठल्या आणि कढईजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, चूक मही आहे."

ते झारा फिरवत राहिले. "तुम्ही म्हणल्या होत्या पाह्यलंय."

"पाह्यलं होतं. तीन वर्षांखाली."

त्यांनी झाऱ्यानं बाहेर दाखवलं. "तीन वर्षांत मह्या हॉटेलापुढचा रस्ता बदलला बाई. गाड्या थांबायच्या त्या थांबंना झाल्या. तीन वर्षं लई असतेत. म्या तुमच्या शब्दावर पोरगी पाठवली व्हती."

"बराबर आहे," बाई म्हणाल्या. गुडघ्याचं त्यांनी काही सांगितलं नाही. मी सांगणार होतो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

मग त्या मागे शिवकन्येजवळ गेल्या आणि तिच्यासमोर पाटावर बसल्या. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "तिथं शिकवायचे कसे गं?"

शिवकन्येनं वर पाहिलं. घरी आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नसावं. आधी एक-दोन शब्दांत बोलली, मग सांगायलाच लागली. तिथे एक यंत्र होतं, दुधाची पावडर करायचं. उंच टाकी, तिच्यात वरून दुधाचा फवारा सोडतात, आत गरम हवा असते, आणि थेंब खाली पडेस्तोवर त्याची पावडर झालेली असते. सुरी हातातच होती, कांदा तसाच राहिला होता.

"पडता पडता वाळतं?" कढईपाशी विष्णूभाऊंनी विचारलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"पडता पडता, बाबा. दोन-चार सेकंदात."

"अन करपत न्हाई?"

"न्हाई. तेच तर शिकायचं होतं पुढच्या आठवड्यात."

विष्णूभाऊंनी घाणा काढला, दुसरा टाकला नाही. बाई उठून पुन्हा त्यांच्याजवळ गेल्या. "भाऊ, चला. तुम्ही अन मी पाहून येऊ. पोरीला बी घेऊ. पाह्यल्यावर तुम्ही न्हाई म्हणले तर मी एक शब्द बोलणार न्हाई. तिचा दाखला मी सोता परत आणून दिन."

"हॉटेल कोण पाहील?"

शिवकन्येची आई इतका वेळ दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते एवढंच. "मी पाहते दोन दिवस. जा तुम्ही."

त्या प्रवासाला मी नव्हतो. शिवकन्येनं नंतर सांगितलं ते असं की, पाहणी बाईंनी केलीच नाही, विष्णूभाऊंनी केली. कॉलेजपासून त्या इमारतीपर्यंत ते चालत गेले आणि वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबून चहा प्यायले. हॉटेलवाला माणूस, टपरीवाल्यांशी त्यांचं लगेच जमलं. कुठली पोरं कुठे उभी राहतात, पोलिसांची गाडी कधी फिरते, सगळं त्यांना कळलं. आणि सहाव्या की सातव्या टपरीवर कळलं की कॉलेजच्या मागच्याच गल्लीत एक सेवानिवृत्त शिक्षिका मुलींना खोल्या देतात आणि एक खोली रिकामी आहे. बाई तोवर त्या इमारतीत मुलींबरोबर बसल्या होत्या. सगळ्यांकडून एक अर्ज लिहून घेतला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो घेऊन आयुष्यात पहिल्यांदा परक्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या दालनात गेल्या. काय बोलणं झालं ते शिवकन्येला माहीत नाही. पण पुढच्या सोमवारपासून प्रात्यक्षिकं सुटल्यावर कॉलेजची बस मुलींना सोडायला जायला लागली.

शिवकन्या त्या मागच्या गल्लीतल्या खोलीत राहून तिथेच शिकली. आता ती जालन्याजवळ एका मसाल्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. विष्णूभाऊंची भजी अजून दुपारी नरम पडतात. का पडतात ते मात्र ते आता गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगतात.

बाई परत आल्यावर त्यांनी सगळ्या वह्या टेबलावर काढल्या आणि दोन दिवस बसून वर्षापेक्षा जुन्या असलेल्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली. निम्म्याहून जास्त पानं गेली. त्यानंतर गुडघ्याला पट्टा बांधून त्या पुन्हा फिरायला लागल्या. फोनवर मिळालेली माहिती लिहायची झाली तर पेन्सिलीनं लिहायच्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे त्या वह्या मागितल्या. म्हटलं, कॉलेजात राहू द्या, मुलांना उपयोग होईल. त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. "जुन्या होतात सर. लोक वाचतील अन पाह्यला जाणार न्हाईत. तुमच्या तुम्ही करा." आणि खरंच सगळ्या वह्या रद्दीत दिल्या. मला त्याचं वाईट वाटलं, रागही आला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी स्वतः दोन कॉलेजं पाहून आलो. गेटवर काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. शेवटी खरं तेच सांगितलं आणि पहारेकऱ्यानं मला खुर्ची दिली.

पुढे बाई मुलीकडे नांदेडला राहायला गेल्या. जाण्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका रविवारी, आमच्याच कॉलेजात. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा होत्या आणि मला सात नंबरच्या खोलीत पर्यवेक्षण होतं. किराणा दुकानदार, आशा सेविका, एक एसटी कंडक्टर, नोकरी करून शिकणारी अशी सगळी मंडळी बाकांवर बसली होती. मी उत्तरपत्रिका वाटत तिसऱ्या रांगेत गेलो तर खिडकीच्या बाकावर खरात बाई. बी.ए.चं पहिलं वर्ष. समोर ओळखपत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली.

मी काहीतरी बोलणार होतो, पण त्या परीक्षार्थीसारख्या सरळ बसल्या होत्या आणि माझ्या हातातल्या उत्तरपत्रिकेकडे पाहत होत्या. मी ती दिली. त्यांनी बैठक क्रमांक एकेका चौकोनात एकेक आकडा असा, दाबून लिहिला. प्रश्नपत्रिका मिळाल्यावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. अर्ध्या तासानं हात वर केला. मी गेलो.

"सर, या तिसऱ्या प्रश्नात 'किंवा' आहे का 'आणि'? छपाई पुसट आहे."

मी वाकून पाहिलं. "किंवा."

"मला दोन्ही येतात," त्या हळूच म्हणाल्या.

"एकच लिहायचं, बाई."

त्यांनी मान डोलावली, पण तो प्रश्न सोडवताना त्या दोनदा थांबून दुसऱ्याकडे पाहत होत्या. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी पुरवणी मागितली. मी दोरा ओवून बांधून दिली. घंटा झाली तशी खोली उठली. कंडक्टर पेपर देऊन धावत गेला, बायका पिशव्या गोळा करायला लागल्या. बाई लिहीतच होत्या. मी रांगेतून पेपर गोळा करत त्यांच्या बाकापाशी आलो आणि नियमाप्रमाणे हात पुढे केला.

"एक मिनिट सर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "महं व्हायचंय अजून."

मी हात मागे घेतला आणि मागच्या रांगेतले पेपर आधी गोळा करायला गेलो.